बुधवाऱ्यातलं पाऱ्याचं मशीन

बुधवारा, बऱ्हाणपूर
११ नोव्हेंबर २०२४

तृप्ती,

दोन वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो की हे पत्र तुझ्या आईच्या हट्टापायी आहे. काल तिने तीनदा सांगितलं. आज सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी वही आणि पेन आणून ठेवलं. पत्र झाल्याशिवाय चहा मिळेल असं दिसत नाही.

फोन का करत नाही, असं तू विचारशील. फोनवर बोलणं मला आवडत नाही. माणूस समोर नसताना बडबड करायची हे मला कधी जमलंच नाही. शिवाय पोस्टखात्यालाही काहीतरी काम हवं.

मुद्द्याचं लिहितो. आईला महिनाभर चक्कर येते आहे. सकाळी उठल्यावर मानेपासून डोकं धरतं, दहा वाजेपर्यंत उतरतं. शुक्रवारी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती, तिथेच कठडा धरून खाली बसली. मी लगेच प्रेशर पाहिलं. वरचं १३८, खालचं ९४. सदुसष्ट वर्षांच्या बाईला हे उत्तम आहे. खालचं किंचित जास्त आहे, पण थंडीचे दिवस आहेत. गोळीची वगैरे गरज नाही. गॅस असेल, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू नाशिकला एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहेस, तर अशी चक्कर येत असेल तर तिथे काय देतात तेवढं कळव. प्रेशर बघायला मी आहे.

आता लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो. त्या दिवाळीला तू जे केलंस ते बरं केलं नाहीस. चौतीस वर्षं मी मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि रिटायर झाल्यापासून दर रविवारी आठ ते दहा ओट्यावर प्रेशरचं मशीन मांडून बसतो. एक पैसा घेत नाही. अकरा माणसं बसलेली असताना तू केळीवाल्या सुकलालचा दंड पुन्हा बांधलास. मी १३६ म्हणालो होतो, तू १५८ म्हणालीस. आणि वर सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा, तुम्हाला ठोके ऐकू येत नाहीयेत. हे आता बंद करा." सुकलाल ओट्याच्या पायऱ्या चढून आला होता, म्हणून तुझा आकडा जास्त आला. मी रागात म्हणालो की माझ्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस. राग होता, पण कारणही होतं.

चहा आला. थांबतो.

पांडुरंग


बुधवारा
२४ नोव्हेंबर २०२४

तृप्ती,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी. "आईचं प्रेशर दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. उशीर करू नका. तृप्ती." खाली नमस्कारसुद्धा नाही. तार यायची तेव्हा तिच्यातही याहून जास्त शब्द असायचे.

दुसऱ्या कुणाकडून म्हणजे कोणाकडून? या बुधवाऱ्यात प्रेशर कसं बघतात हे मला शिकवणारा अजून जन्मला नाही. तुलाही ते मीच शिकवलं, नऊ वर्षांची होतीस तेव्हा. रबरी फुगा दाबायला मिळावा म्हणून शाळेला दांडी मारायचीस. विसरली असशील तर पुन्हा लिहितो, ऐक.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायू. मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा आवळतं आणि सैल पडतं. उजवी बाजू वापरलेलं रक्त फुप्फुसांत धाडते, डावी बाजू ताजं रक्त अंगभर लोटते, आणि मधल्या झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत. एका वेळी जेमतेम कटिंग चहाएवढं रक्त बाहेर पडतं, पण मिनिटभरात पाच लिटर होतं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त एकदा फिरून येतं. आवळताना धमनीच्या भिंतीवर जो जोर येतो तो वरचा आकडा. सैल पडल्यावर जो शिल्लक राहतो तो खालचा. सुकलालला मी हे त्याच्या केळीच्या ठिबकवरून समजावलं होतं. मोटर फार जोरात चालली की नळी पहिल्या दिवशी फुटत नाही, पण जोडावर ताण साठत जातो आणि एक दिवस ती कुठल्या तरी कोपऱ्यात फाटते. डोक्यात फाटली तर माणूस लुळा पडतो.

आणि मोजायचं कसं? दंडाला पट्टा बांधून फुगवायचा, धमनी पूर्ण दाबली जाईपर्यंत. रक्त थांबलं की कोपराच्या खळगीत ठेवलेल्या स्टेथोत सामसूम. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरता उतरता रक्त पहिल्यांदा त्या दाबातून निसटतं, तेव्हा टक् असा आवाज येतो. तो वरचा आकडा. ठोके येत राहतात, मऊ होत जातात, आणि जिथे बंद पडतात तो खालचा. त्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधीपासून चहा नाही. माझ्या ओट्यावर हे सगळं होतं. तुमच्या हॉस्पिटलात होतं का? तिथे माणूस धापा टाकत येतो आणि तुम्ही बोलता बोलता पट्टा बांधता.

तू आईच्या फोनवर आवाज भरून पाठवला होतास. तिने माझ्या कानाशी धरला. ऐकला.

तिचं डोकं अजून धरतं. काल भाकरी थापताना मध्येच परात बाजूला सारून बसून राहिली. प्रेशर १४०.

पांडुरंग


बुधवारा
८ डिसेंबर २०२४

तृप्ती,

आज रविवार. ओट्यावर माणसं होती तेवढ्यात आरोग्य केंद्राची ज्योत्स्ना नावाची नर्स वॉर्डात फिरत आली. घरोघरी प्रेशर आणि साखर तपासतात म्हणे. पोरगी चोवीस-पंचवीसची असेल. फार हळू बोलते. आजकालच्या पोरी पुटपुटतातच, तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. तिच्याकडे बॅटरीचं मशीन होतं, बटण दाबलं की आपोआप फुगतं.

तिने तुझ्या आईला बसवलं. १७४ वर ८६.

मी म्हटलं, बाई जिना उतरून आली आहे, सकाळचा चहा झाला आहे, ब्लाउजची बाही घट्ट आहे. ज्योत्स्नाने बाही वर सरकवण्याऐवजी हात पूर्ण बाहेर काढायला लावला, पाच मिनिटं बसवलं, बोलू दिलं नाही. हे मात्र कबूल करतो की पद्धत बरोबर होती. पुन्हा १७२. मी म्हटलं मशीन बिघडलं आहे. ती हसून, या वेळी जरा मोठ्याने म्हणाली, "काका, मशीन एकदम नई आहे, पिछले महीनेच आली." मी म्हटलं खेळणी नवीच असतात.

माणसं खाली बघत होती. तेव्हा तुझी आई खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि त्या पोरीला म्हणाली की आमच्याकडे हे बघतात, हे सांगतील तेच खरं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, छाती दोन इंच फुगली. ज्योत्स्नाने दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, ती आईने हळदीच्या डब्याखाली ठेवली आहे.

तुला कळवावं म्हणून कळवलं. आणि सहज विचारतो, ती बॅटरीची मशिनं किती चुकतात? दहा-वीसचा फरक मी समजू शकतो. चौतीसचा पडतो का?

पांडुरंग


बुधवारा
१५ डिसेंबर २०२४

तृप्ती,

हे पत्र आईने लिहायला सांगितलेलं नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघवेना म्हणून सोमवारी मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. दर रविवारचे आकडे त्यांत आहेत. एका माणसाच्या नावावर बोट ठेवून पाच वर्षं खाली सरकत गेलो. मग दुसऱ्याच्या. मग सगळ्यांच्या. तृप्ती, सगळ्यांचंच वरचं प्रेशर वर्षागणिक उतरत आलं आहे आणि सगळ्यांचंच खालचं चढत आलं आहे. केळीवाल्याचं, शिंप्याचं, मिलमधून रिटायर झालेल्यांचं, तुझ्या आईचं. अकरा माणसांची शरीरं एकाच रेघेत अशी चालत नाहीत. पहिला ठोका उशिरा ऐकू आला की वरचं कमी येतं. शेवटचे मऊ ठोके ऐकूच आले नाहीत की खालचं जास्त येतं. मी हे नव्या पोरांना शिकवायचो.

तरी मन ऐकेना. वाटलं, पारा जुना झाला असेल. बुधवारी दुपारी आई मटार सोलत बसली होती, तिला म्हटलं जरा हात दे. या वेळी स्टेथो लावायच्या आधी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. ही पहिली पायरी आहे. फुगवत जायचं, नाडी बोटाखालून नाहीशी झाली की थांबायचं, मग सोडत यायचं आणि ती कुठे परत लागते ते बघायचं. मी कित्येक वर्षांत हे केलेलं नव्हतं. अनुभवी माणसाला कशाला हवं, हा माज. नाडी १७० ला परत आली, टपटप लागली, शंकाच नको. मग स्टेथो लावून पुन्हा फुगवलं आणि सोडलं. पारा १७० वरून गेला, १६० वरून गेला, १५० वरून गेला. माझ्या कानात काही नाही. पहिला ठोका १४० ला आला.

कानाला बोटांच्या आधी कळायला हवं, निदान बरोबरीने तरी. बोटांना कळलं आणि कानाला कळलं नाही, याचा अर्थ एकच. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी आधी सुकलालच्या पायऱ्या वाकड्या ठरवल्या, मग ज्योत्स्नाचं मशीन. त्या तीस आकड्यांच्या सामसुमीत तुझ्या आईची धमनी ठोकत होती आणि मला ऐकू येत नव्हतं.

तू बरोबर होतीस. त्या दिवाळीलाही बरोबर होतीस.

फोनही मी त्याच कारणाने घेत नाही. पलीकडून कोणी बोललं की कागद चुरगळल्यासारखं येतं. तू भरून पाठवलेला आवाज मी ऐकला नाही, नुसती मान हलवली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही मिलची माणसं. मशीनघरात आयुष्य गेलेली, एकमेकांशी बोलतो ते ओरडूनच. या मित्रांत बसलं की आपल्याला कमी ऐकू येतं हे आपल्यालाही कळत नाही.

आता जे लपवलं ते लिहितो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आईला गोळीची गरज नाही. तिला गोळी चालू होती, तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आषाढात ती थकल्यासारखी वाटली, मी बघितलं तर ११४. वाटलं, गोळीने प्रेशर फारच उतरलं आहे. मी आधी अर्धी केली, मग बंद केली. डॉक्टरला विचारलं नाही. खरं तर तेव्हा ते अगदी ठीक असणार. दीड वर्ष ती गोळीशिवाय आहे, माझ्या सांगण्यावरून.

गुरुवारी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुणी बंद केली. तुझी आई पटकन म्हणाली, "मीच विसरत होते." हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, ती खोटं बोलते आहे. मी बंद केली. मला ऐकू येत नाही आणि मी सांगितलं नाही." चौतीस वर्षं दवाखान्यात काढली, पण डॉक्टरसमोर इतका लहान कधी झालो नव्हतो.

ईसीजीची पट्टी काढली, रक्त-लघवी तपासली, हृदयाची सोनोग्राफी केली. मूत्रपिंड ठीक. हृदयाची डावी भिंत किंचित जाड झाली आहे. इतके दिवस जास्त जोर लावून लोटत राहिल्यावर दुसरं काय होणार, दंडाची बेटकुळी फुगते तसंच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, प्रेशर ताब्यात राहिलं तर पुढचं नुकसान टळेल, भिंतही थोडीफार मूळ पदावर येऊ शकते. गोळी सुरू झाली आहे.

मला तुझी माफी हवी आहे. मागायला उशीर झाला.

बाबा


बुधवारा
२९ डिसेंबर २०२४

तृप्ती,

उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी वागलो आहे. तरी लिहितो, कारण गेल्या आठवड्यात जे घडलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

आईची व्यवस्था लागली तसे मला बाकीचे दहाजण दिसायला लागले. यांतल्या किती जणांना मी "काही नाही, जा" म्हणून परत पाठवलं असेल? सर्वांत काळजी सुकलालची. १५८ चा माणूस, मी दोन वर्षं त्याला एकशेतीसच सांगतो आहे. केळीची काढणी चालू म्हणून तो तीन रविवार आला नव्हता. मंगळवारी सकाळची बस धरून त्याच्या गावी, डोईफोडियाला गेलो. रस्ताभर मनात तालीम करत होतो, सुरुवात कशी करायची. एकदा वाटलं, त्याला काही झालंच असेल तर? बसमधून उतरून परत जावं असंही वाटलं.

सुकलाल मळ्यात होता, घड भरलेल्या गाडीजवळ. मला बघून दुरूनच हाक मारली. मी बांधावर बसलो, पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. मला ऐकू येत नाही, तुझे आकडे चुकीचे होते, आजच दवाखान्यात चल, मी बरोबर येतो.

तो खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या शेजारी बसला.

"कंपाउंडर भाऊ," तो म्हणाला, "तुमाले ऐकू येत नाही, हे आमाले दोन सालपासून मालूम हाय."

 तो सांगत गेला, माझ्या कानाशी येऊन, सावकाश. तू बोललीस त्याच हप्त्यात तो खकनारच्या सरकारी दवाखान्यात गेला होता. डॉक्टरांनी गोळी दिली, तेव्हापासून एक दिवस चुकवली नाही. त्याने शिंप्याला सांगितलं, शिंप्याने मिलमधल्या मोतीलालला. एकेक करून सगळे जाऊन तपासून आले. चौघांना गोळ्या चालू आहेत. दोन वर्षं दर रविवारी ही माणसं खरा आकडा खिशात घेऊन माझ्या ओट्यावर यायची, दंड पुढे करायची, मी सांगेन त्याला मान डोलवायची.

मी विचारलं, मग येत कशाला होतात?

"तुमी पाच मिनटं गप्प बसवता ना," सुकलाल म्हणाला. "घरी कोन बसू देते, भाऊ?"

मी हसलो. मग मला रडू आलं, आणि माझ्या रडण्याची सुकलालला लाज वाटली नाही. त्याने घडातली दोन केळी तोडून माझ्या हातात दिली आणि गाडीवाल्याला ओरडून काहीतरी सांगायला निघून गेला, मला जरा एकटं सोडावं म्हणून.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं ते लिहितो. म्हणजे तू दहा माणसं वाचवलीस. माझ्या ओट्यावरून तुला मी हाकललं, आणि तुझा एक शब्द त्यांच्यात राहिला, त्यावर ती जगली. फक्त एका माणसाने तुझं ऐकलं नाही. ती माझ्या सांगण्यावरून गोळी बंद करून बसली, ज्योत्स्नाची चिठ्ठी हळदीच्या डब्याखाली ठेवून मोकळी झाली. अख्ख्या बुधवाऱ्यात माझ्यावर विश्वास ठेवणारी तुझी आई एकटीच होती, आणि मी तिलाच खड्ड्यात घालत होतो.

घरी आलो तेव्हा ती सांजा करत होती. मी तिला सुकलालचं सगळं सांगितलं. विचारलं, तुला तर माझ्या कानांचं सर्वांत आधी कळलं असणार, तू का नाही कुठे दाखवलंस? तिने कढईतला झारा थांबवला नाही. "मी दुसरीकडे गेले असते तर ओट्यावर कोण आलं असतं?" म्हणाली.

तिला माहीत नव्हतं की ते सगळे कधीच दुसरीकडे गेले होते. आणि मला माहीत नव्हतं की माझी लाज राखायला ती स्वतःचा जीव पणाला लावते आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना एवढंच ओळखलं.

मी म्हणालो, यापुढे असं करायचं नाही. ती म्हणाली, तुम्हीही.

बाबा


बुधवारा
१२ जानेवारी २०२५

तृप्ती,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी आहेत, पण या वेळी मला त्या कमी वाटल्या नाहीत. "आधी कान तपासा. मग बोलू. आईला जपा. तुमची तृप्ती." शेवटचे दोन शब्द मी आईला दाखवले. तिने चष्मा लावून वाचले आणि पत्र माझ्याकडे परत न देता कपाटात ठेवलं.

कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून कानात पिंपिं वाजवतात आणि ऐकू आलं की बोट वर करायला सांगतात. मी बराच वेळ बोट खालीच धरून बसलो होतो, तेव्हाच समजलो. वयाने झालं आहे, उलटणार नाही, पण यंत्राने भागेल. गेल्या शनिवारपासून दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी घर भलतंच बोलायला लागलं. तांदूळ निवडतानाचा आवाज, आईच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज, शेजारच्यांचं भांडण. आई गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो. बेसूर गुणगुणते, पण तिला सांगितलं नाही.

रविवारचा ओटा चालू आहे. ज्योत्स्ना तिचं मशीन घेऊन येते, आकडा तिचा. माझ्याकडे खुर्ची आहे आणि पाच मिनिटं. बोलणाऱ्याला मी बोलू देत नाही. ती म्हणते, काका, तुमच्याइतकं शांत कोणी बसवत नाही. मागच्या रविवारी मी सर्वांना उभा राहून सांगितलं की माझे जुने आकडे विसरा.  मोतीलालने उठून मला आपली खुर्ची दिली, बस एवढंच.

तुझ्या आईचं सकाळ-संध्याकाळ बघतो, ज्योत्स्नाकडे आहे तसलंच बॅटरीचं मशीन घरी आणलं आहे, त्यावर. पहिल्या आठवड्यात १५८, मग १४६, काल १३४ वर ८०. चक्कर गेली. सकाळी डोकं धरत नाही. परवा गच्चीवर जाऊन मिरच्या उचलून आणल्या, मी खाली उभा राहून नुसता वर बघत होतो.

आता तिची एक अट आहे. ती म्हणते, मला महिनाभर तृप्तीकडे राहायचं आहे. मी म्हटलं, तृप्तीलाच बोलावू संक्रांतीला. ती म्हणाली, तिला तुम्ही घालवलंत, आणायला तुम्हीच जायचं. बरोबर आहे तिचं. बोलावणं धाडून बापपणा मिरवायचा, त्यापेक्षा आपण उठून जावं.

तिकिटं दोन काढली आहेत. सतरा तारखेला दुपारी आम्ही नाशिकरोडला उतरू. आईची फाइल, सोनोग्राफीचे कागद, महिन्याच्या गोळ्या, सगळं पिशवीत आहे. सोबत थोडी तिखट मिरची आणि सुकलालने पाठवलेली केळी.

आईला तर तू घरात घेशीलच. माझ्याबद्दल तुला काय वाटेल ते तू ठरव. नको वाटलं तर मी पुढच्या गाडीने परत येईन आणि त्याचा राग धरणार नाही. पण तिथे असेपर्यंत एक काम तुला सांगायचं आहे. इतक्या वर्षांत हजारो माणसांचे दंड मी बांधले, पण माझं प्रेशर मी कधी कुणाला बघू दिलेलं नाही. विचारलं तर म्हणायचो, मला काय धाड भरली आहे. खरं म्हणजे आकड्याची भीती वाटायची.

मी पाच मिनिटं गप्प बसेन. तू पट्टा बांध. जो आकडा तू सांगशील तो खरा.

तुझा,
बाबा